विकरे क्रियांना वेग कसा देतात आणि अवरोधक त्यांना कसे रोखतात? ऊस, गूळ, भात व फवारणीसाठी उपयुक्त माहिती

आजरा तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की एक चित्र नेहमी दिसते. फडातला ऊस तोडून मोळ्या बांधून झालेल्या असतात, पण ट्रॉली आलेली नसते. कधी ट्रॉली भरून कारखान्यावर पोहोचते, पण काट्यापुढे रांग असते. उन्हात पडलेल्या उसाचे वजन घटते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मात्र त्याच वेळी उसाच्या आत साखरही कमी होत असते आणि ही घट डोळ्यांना दिसत नाही.

ही साखर कमी करणारा घटक म्हणजे विकर, म्हणजेच एन्झाइम. शेतात टाकलेला युरिया फुटतो तो विकरामुळे. हातसडीचा तांदूळ खवट होतो तोही विकरामुळे. काजूवर फवारलेल्या कीटकनाशकाने कीड मरते ती तिच्या शरीरातील एक विकर बंद पडल्यामुळे, आणि फवारणाऱ्या माणसाला विषबाधा होते तीही त्याच विकरावर परिणाम झाल्यामुळे. विकर कुठे चालू ठेवायचे आणि कुठे रोखायचे हे कळले, तर शेतातील अनेक कामांमागचे कारण आपोआप उलगडते.

विकर म्हणजे काय?

सजीवांच्या पेशींत होणारी जवळपास प्रत्येक रासायनिक क्रिया कोणत्या ना कोणत्या विकरामुळे होते. बहुतेक विकरे ही प्रथिने असतात. त्यांची तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवावीत.

- विकर काम करताना खर्च होत नाही. एक रेणू फोडून झाला की ते दुसरा रेणू घेते. त्यामुळे अत्यल्प प्रमाणातील विकरही मोठे काम करते.
- प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. साखर फोडणारे विकर युरिया फोडत नाही.
- विकर अशक्य गोष्ट शक्य करत नाही. जी क्रिया मुळात होऊ शकते, पण अतिशय संथ होते, तिचा फक्त वेग वाढवते.

विकरांच्या नावाच्या शेवटी बहुधा 'एज' असते. उसातील साखर फोडणारे इन्व्हर्टेज, युरिया फोडणारे युरिएज, तेल फोडणारे लायपेज आणि पिष्ट फोडणारे अमायलेज ही काही उदाहरणे.

विकर वेग कसा वाढवते?

आजऱ्याहून सावंतवाडीला जायचे तर आंबोली घाट ओलांडावा लागतो. समजा, घाटाच्या पोटातून बोगदा काढला. निघण्याचे ठिकाण तेच आणि पोहोचण्याचे ठिकाणही तेच राहील, पण मधला चढ कमी झाल्याने त्याच वेळेत कितीतरी अधिक गाड्या पलीकडे जातील. विकराचे काम असेच असते. कोणतीही रासायनिक क्रिया होण्यापूर्वी रेणूंना ऊर्जेचा एक चढ पार करावा लागतो. त्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. विकर हा चढ कमी करते.

उसातील साखर म्हणजे सुक्रोज. सुक्रोजच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करा जोडलेल्या असतात. शुद्ध पाण्यात, सामू उदासीन असताना आणि नेहमीच्या तापमानाला हा जोड आपोआप तुटायला शेकडो वर्षे लागतील. इन्व्हर्टेज विकराच्या पृष्ठभागावर एक लहानसा खळगा असतो. सुक्रोजचा रेणू त्यात बरोबर बसतो, त्याच्या जोडावर ताण येतो, पाण्याचा रेणू योग्य जागी मिळतो आणि जोड तुटतो. दोन्ही तुकडे बाहेर पडतात आणि खळगा पुढच्या रेणूसाठी मोकळा होतो. हे सर्व क्षणार्धात घडते.

विकर आणि त्याचा कच्चा माल यांचे नाते कुलूप आणि किल्लीसारखे असते, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली. पुढे १९१३ मध्ये बर्लिन येथे लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकराच्या वेगाचा नियम मांडला. त्यांनी प्रयोगासाठी निवडलेली क्रिया म्हणजे इन्व्हर्टेजने सुक्रोज फोडणे. तुमच्या तोडलेल्या उसात जे घडते, त्याच क्रियेवरून विकरांचे गणित जगाला समजले.

हा नियम काट्यावरच्या रांगेवरून समजून घेता येईल. ट्रॉल्या थोड्या असतील तर आलेली प्रत्येक ट्रॉली लगेच काट्यावर चढते. ट्रॉल्या वाढल्या की कामाचा वेगही वाढतो. पण एका मर्यादेनंतर काटा सतत भरलेला राहतो. मग रांग कितीही लांब असली तरी तासाला ठरावीक ट्रॉल्यांचेच वजन होते. विकराचेही तसेच आहे. कच्चा माल वाढला की वेग वाढतो, पण सर्व खळगे भरले की वेग स्थिर होतो. त्यापुढे वेग वाढवायचा तर विकरच जास्त हवे.

विकराचा वेग कशावर ठरतो?

- तापमान: साधारणपणे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की विकराचा वेग सुमारे दुप्पट होतो. मात्र फार उष्णतेने प्रथिनाची घडी बिघडते आणि विकर कायमचे निकामी होते. उकळलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे आहे.
- सामू: प्रत्येक विकराला ठरावीक सामू मानवतो. उसाचा रस आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ ते ५.५ असतो आणि उसातील आम्लधर्मी इन्व्हर्टेज याच टप्प्यात जोमाने काम करते.
- ओलावा: पाण्याशिवाय बहुतेक विकरे जवळपास थांबतात. म्हणूनच चांगले वाळवलेले धान्य टिकते.
- मदतनीस मूलद्रव्ये: अनेक विकरांना जस्त, लोह, मँगनीज, मॉलिब्डेनम यांसारख्या मूलद्रव्यांची गरज असते. विकर पुन्हा पुन्हा वापरले जाते, त्यामुळे ही सूक्ष्म अन्नद्रव्ये पिकाला थोडीच लागतात. पण ती नसतील तर संबंधित काम अडते.
- वेळ: विकर थांबवले नाही तर ते कच्चा माल संपेपर्यंत काम करत राहते.

अवरोधक म्हणजे काय?

विकराचे काम मंद करणाऱ्या किंवा बंद पाडणाऱ्या पदार्थाला अवरोधक म्हणतात. अवरोधकांचे मुख्य तीन प्रकार आहेत.

१. स्पर्धक अवरोधक: हा पदार्थ खऱ्या कच्च्या मालासारखा दिसतो आणि विकराच्या खळग्यात जाऊन बसतो. त्यामुळे खऱ्या मालाला जागा मिळत नाही. कच्चा माल खूप वाढवला तर हा अडथळा कमी होतो. ग्लायफोसेट हे तणनाशक या प्रकारचे आहे. तणाला काही आवश्यक अमिनो आम्ले तयार करून देणाऱ्या विकराची जागा ते अडवते. तण लगेच मरत नाही, साठा संपत जाईल तसे हळूहळू पिवळे पडून वाळते, त्याचे कारण हेच.

२. अस्पर्धक अवरोधक: हा पदार्थ खळग्यात न बसता विकराला दुसऱ्या ठिकाणी चिकटतो आणि त्याचा आकार बिघडवतो. कच्चा माल कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. पारा, चांदी यांसारख्या जड धातूंमुळे अनेक विकरांची घडी बिघडते.

३. कायमचे अवरोधक: हे पदार्थ विकराशी पक्का रासायनिक बंध जोडतात. किल्ली कुलपात मोडून राहावी तसे होते. ते विकर गेलेच, शरीराला नवे तयार करावे लागते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके अशा प्रकारे काम करतात.

तोडलेल्या उसात काय घडते?

उभ्या उसात इन्व्हर्टेज असतेच. शेंड्याकडील वाढत्या कांड्यांत ते जास्त असते, कारण वाढीसाठी पिकाला साध्या शर्करा लागतात. खालची कांडी पक्व होतात तसे तेथील इन्व्हर्टेज कमी होते आणि सुक्रोज साठत जाते. म्हणूनच बुडख्याकडे गोडी जास्त असते. ऊस तोडल्यावर हा तोल बिघडतो. पानांकडून नवी साखर येणे थांबते, कांड्यांतील इन्व्हर्टेजचे काम वाढते आणि साठलेले सुक्रोज फुटू लागते.

दुसरे नुकसान कापलेल्या टोकांतून सुरू होते. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू तेथून आत शिरतात. त्यांचे विकर सुक्रोजपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करते. त्यामुळे रस घट्ट होतो, गाळणे अवघड जाते आणि साखरेचे स्फटिक नीट तयार होत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. शिळ्या उसाच्या रसाचा ब्रिक्स कधी कधी ताज्या उसापेक्षा जास्त दिसतो. त्यावरून ऊस गोड झाला असे समजू नये. उसातील पाणी उडाल्याने रस दाट होतो. शिवाय सुक्रोज फुटताना पाण्याचा रेणू जोडला जातो, त्यामुळे १०० किलो सुक्रोजपासून सुमारे १०५ किलो साध्या शर्करा तयार होतात. रिफ्रॅक्टोमीटर हे सर्व विरघळलेले घन पदार्थ एकत्र मोजतो. कारखान्याला स्फटिक मिळतात ते मात्र फक्त सुक्रोजपासून. म्हणून प्रयोगशाळेत प्रकाशाच्या साहाय्याने 'पोल' मोजतात. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते, तर फुटल्यानंतरचे मिश्रण डावीकडे वळवते. या उलटण्यावरूनच इन्व्हर्टेज हे नाव आले.

या नुकसानीचा हिशोब प्रत्येकाला लागू होतो. उसाचे पैसे वजनावर मिळत असले तरी एफआरपी कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये दर होता आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.३२ रुपये, म्हणजे टनाला सुमारे ३३ रुपये, जादा होते. रस्त्यावर शिळा होणारा ऊस त्या शेतकऱ्याचे वजन घटवतो आणि सरासरी उतारा खाली आणून सर्वांचाच दर कमी करतो.

उसातील घट कमी करण्यासाठी काय करावे?

- ऊस पक्व झाल्यावरच तोडावा. उशिरा दिलेले नत्र आणि तोडणीच्या तोंडावर दिलेले भरपूर पाणी वाढ चालू ठेवते, त्यामुळे साखर साठण्यास अडथळा येतो.
- तोडणी जमिनीलगत करावी. सर्वांत गोड भाग बुडख्यात राहू देऊ नये.
- वाढे आणि पाचट पूर्ण काढावे. वाढ्यात साखर कमी आणि इन्व्हर्टेज जास्त असते.
- वाहन निश्चित झाल्याशिवाय जास्त क्षेत्रावर तोड लावू नये. मुकादम आणि चिटबॉय यांच्याशी बोलून रोज वाहून नेता येईल तेवढाच ऊस तोडावा.
- तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास जावा. आधी तोडलेल्या मोळ्या आधी भराव्यात.
- ऊस थांबणारच असेल तर मोळ्या सावलीत एकत्र रचून वर ओले पाचट पसरावे आणि पाणी शिंपडावे. तापमान कमी राहिले की विकराचा वेगही कमी राहतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात ही काळजी अधिक महत्त्वाची आहे.
- ऊस पेटवून तोडू नये. जळालेल्या उसाची साल तडकते, जिवाणूंना वाट मिळते आणि घट वेगाने होते.

इन्व्हर्टेज रोखण्यासाठी अवरोधक फवारता येईल का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. सोडियम मेटासिलिकेट हा पदार्थ इन्व्हर्टेजला रोखतो. तो जिवाणूनाशकासोबत तोडलेल्या उसावर फवारण्याचे प्रयोग लखनौ येथील भारतीय ऊस संशोधन संस्थेत झाले आहेत. मात्र असे रसायन कारखान्याच्या किंवा तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाशिवाय वापरू नये. गुळासाठीच्या उसावर तर असे प्रयोग करूच नयेत. शेतकऱ्याच्या हातातील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सावली, पाणी आणि वेळेवर वाहतूक.

गुऱ्हाळघरात हेच ज्ञान कसे वापरावे?

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुळाचा कणीदारपणा आणि टिकवण सुक्रोजवर अवलंबून असते. रसात साध्या शर्करा वाढल्या तर ढेप घट्ट बसत नाही आणि पावसाळी हवेत ओलावा शोषून गूळ पाघळतो.

काहिलीत रस उकळू लागला की इन्व्हर्टेज निकामी होते. म्हणजे विकरामुळे होणारे नुकसान हे ऊस तोडल्यापासून रस तापेपर्यंतच्या काळातले असते. त्यामुळे शिळा ऊस टाळावा, गाळलेला रस हौदात ठेवून देऊ नये आणि चरक, हौद व नळ्या रोज गरम पाण्याने धुवाव्यात. उकळताना मात्र दुसरा धोका असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की विकर नसतानाही सुक्रोज फुटते. चुन्याच्या निवळीने आम्लता कमी होते आणि ही फूट रोखली जाते. चुना जास्त झाला तर गुळाचा रंग काळपट होतो, म्हणून प्रमाण सांभाळावे.

भातातील युरिया आणि युरिएज

पिकाला युरियातील नत्र मिळण्यासाठी आधी युरिया फुटावा लागतो. विकराशिवाय पाण्यातील युरिया फुटायला दशके लागतील. जमिनीतील सूक्ष्मजीवांचे आणि पिकांच्या अवशेषांतील युरिएज हे काम काही दिवसांत करते. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये आपल्या अबईच्या कुळातील जॅकबीनच्या बियांपासून युरिएजचे स्फटिक वेगळे केले आणि विकर हे प्रथिन असते हे दाखवले. १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

युरिएज आवश्यक आहे, पण युरिया पृष्ठभागावर पडून राहिला तर तयार होणारा अमोनिया हवेत उडून जातो. त्यानंतर जमिनीतील जिवाणूंची दुसरी विकरे अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. आजऱ्याच्या पश्चिम भागातील जोरदार पावसात नायट्रेट सहज वाहून किंवा झिरपून जाते. या दोन गळती वेगळ्या आहेत आणि त्यांचे अवरोधकही वेगळे आहेत.

- कडुलिंबयुक्त युरिया: कडुलिंबातील घटक नायट्रेट तयार करणाऱ्या जिवाणूंना मंद करतात. २०१५ पासून देशात तयार होणारा सर्व शेतीचा युरिया कडुलिंबयुक्त करणे बंधनकारक झाले. मात्र तो पृष्ठभागावर फेकला तर अमोनिया उडण्याचा धोका राहतोच.
- युरिएज अवरोधक: एनबीपीटी हा पदार्थ युरिएजलाच रोखतो. काही देशांत त्याचा लेप दिलेला युरिया वापरतात.
- खोल खत देणे: चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. युरिएज तेथेही काम करते, पण तयार झालेले नत्र मातीत धरून राहते.

ब्रिकेट नसेल तर वरखत देताना खाचरातील जास्तीचे पाणी काढावे, युरिया चिखलात मिसळावा आणि नंतर पाणी बांधावे.

घनसाळचा वास आणि बंद पडलेले विकर

आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सुवासिक भातांच्या वासातील मुख्य घटक २-ॲसिटिल-१-पायरोलिन हा आहे. साध्या भातात बीएडीएच-२ नावाचे विकर या घटकाचा कच्चा माल दुसरीकडे वळवते. बहुतेक सुवासिक भातांत या विकराचे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे तो माल साठतो आणि त्यापासून सुगंधी घटक तयार होतो. म्हणजे येथे विकर बंद असणे हेच आपल्या फायद्याचे आहे.

यातून दोन सूचना निघतात. साध्या भाताशी संकर झाला तर चालू जनुक परत येते आणि वास जातो. म्हणून बियाण्याच्या प्लॉटमधील भेसळ झाडे फुलोऱ्यापूर्वी आणि कापणीपूर्वी काढावीत. दुसरे, हा घटक हवेत उडणारा आहे. भात टरफलासह साठवावा आणि लागेल तसे कांडून घ्यावे.

हातसडीचा तांदूळ लवकर खवट होण्याचे कारणही विकरच आहे. अखंड दाण्यात कोंड्यातील तेल आणि लायपेज वेगळे असतात. कांडताना ते एकत्र येतात आणि तेल फुटू लागते. उकड्या तांदळात उष्णतेने लायपेज आधीच निकामी झालेले असते. म्हणून हातसडीचा तांदूळ थोडा थोडा कांडावा आणि थंड, कोरड्या जागी ठेवावा.

कच्चे सोयाबीन जनावरांना का देऊ नये?

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराचा अवरोधक असतो. तो कोंबड्या आणि लहान वासरांचे प्रथिनांचे पचन बिघडवतो. चांगले भाजल्याने किंवा शिजवल्याने तो निकामी होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएजही असते. त्यामुळे युरियायुक्त पशुखाद्यात कच्चे सोयाबीन मिसळले तर अमोनिया वेगाने सुटून जनावराला विषबाधा होऊ शकते. हे मिश्रण कटाक्षाने टाळावे.

फवारणी: अवरोधक माणसालाही ओळखत नाही

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मज्जातंतूंमधून संदेश गेल्यावर ॲसिटिलकोलीन हा पदार्थ लगेच फोडावा लागतो, नाहीतर स्नायू आणि ग्रंथी सतत चालू राहतात. हे काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करते. ते अतिशय वेगवान आहे, त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके हे विकर बंद पाडतात. काजूवरील ढेकण्यात हे विकर असते, तसेच ते फवारणाऱ्या माणसातही असते. कार्बामेट गटातील औषधांचा बंध काही तासांत सुटू शकतो, पण ऑरगॅनोफॉस्फेटचा बंध पक्का होत जातो.

रक्तपेशींतील बंद पडलेले विकर भरून येण्याचा वेग दिवसाला सुमारे एक टक्का इतका संथ असतो. म्हणून सलग काही दिवस थोडे थोडे औषध अंगात गेले तरी परिणाम साठत जातो. पहिल्या दोन दिवसांत काही झाले नाही म्हणून तिसऱ्या दिवशी निष्काळजीपणा करू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

फवारणीपूर्वी आणि फवारताना:

- लेबलवरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा.
- एकाच गटातील दोन औषधे एकत्र मिसळू नयेत.
- हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. काजूच्या उंच झाडांवर फवारताना औषध अंगावर पडते, म्हणून डोकेही झाकावे.
- वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि भर उन्हात फवारणी करू नये.
- एकाच माणसाने सलग अनेक दिवस फवारणी करू नये. कामाची पाळी बदलावी.

विषबाधेची लक्षणे: भरपूर घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, उलटी, पोटात कळा, अंधुक दिसणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे, श्वास घेण्यास त्रास.

अशा वेळी काय करावे?

- माणसाला लगेच शेतातून बाहेर आणावे, औषध लागलेले कपडे काढावेत आणि अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.
- उलटी करवू नये. दूध, तूप किंवा घरगुती उतारा देत बसू नये.
- १०८ वर फोन करून तातडीने रुग्णालयात न्यावे. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यावे, कारण उपचार औषधाच्या गटावर ठरतो.

रुग्णालयात ॲट्रोपिन देऊन साठलेल्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखतात. ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेत डॉक्टरांना योग्य वाटल्यास प्रॅलिडॉक्झिम देऊन विकराला चिकटलेले विष सोडवण्याचा प्रयत्न करतात. विष आणि विकर यांचा बंध पक्का झाल्यावर या दुसऱ्या औषधाचा उपयोग होत नाही. त्यामुळे 'थोडा वेळ पडून राहिले की बरे वाटेल' असे म्हणून घालवलेला तास परत मिळत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाजारातील 'एन्झाइमयुक्त' उत्पादने खताऐवजी वापरता येतील का?
नाही. विकर हे अन्नद्रव्य नाही, ते फक्त क्रियेचा वेग वाढवते. कच्चा मालच नसेल तर विकर काय करणार? जैव उत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणण्यात आली आहेत. त्यामुळे लेबलवरील घटक आणि परवान्याचा तपशील पाहूनच खरेदी करावी आणि पक्की पावती घ्यावी.

थंडीत तोडलेला ऊस दोन-तीन दिवस ठेवला तर चालेल का?
थंडीत घट मंदावते, थांबत नाही. दुपारचे ऊन आणि कापलेली टोके तेव्हाही असतातच. २४ तासांचे उद्दिष्ट थंडीतही पाळावे.

लक्षात ठेवा

- विकर फक्त वेग वाढवते. ते मंद करायचे असेल तर तापमान, सामू, ओलावा आणि वेळ यांवर नियंत्रण ठेवावे.
- अवरोधक ठरावीक विकरावरच काम करतो. आधी गळती कुठे आहे ते ओळखावे, मग उपाय निवडावा.
- तोडलेला ऊस सावलीत ठेवावा आणि लवकर गाळपास पाठवावा. युरिया मातीआड करावा. सोयाबीन भाजूनच खाऊ घालावे.
- कीटकनाशक ज्या विकरावर काम करते ते तुमच्या शरीरातही आहे. संरक्षक साधनांशिवाय पंप पाठीवर घेऊ नये.